आकाशातून पडलेल्या दगडांची साक्ष

७ नोव्हेंबर १४९२. दुपारची वेळ. आल्सास प्रांतातील एन्सिसहाइम या गावावर एकाएकी मेघगर्जनेसारखा आवाज झाला आणि गावाबाहेरील गव्हाच्या शेतात एक काळा दगड येऊन कोसळला. तो पडताना एका मुलाने पाहिला, अशी नोंद आहे. शेतात खड्डा पडला होता आणि त्याच्या तळाशी सुमारे १२७ किलो वजनाचा तो दगड रुतून बसला होता. कोलंबसाला अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवून तेव्हा महिनाही झाला नव्हता. गावकरी धावले. आकाशातून आलेली वस्तू शुभ असणार या समजुतीने जो तो त्याचा तुकडा फोडून नेऊ लागला, तेव्हा अधिकाऱ्यांनी ते थांबवले. पुढे राजा मॅक्सिमिलियन त्या बाजूने जात असता त्याने दगड पाहिला, फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात देव आपल्या बाजूला असल्याची ती खूण आहे असे ठरवले आणि तो गावच्या चर्चमध्ये जपून ठेवण्याची आज्ञा केली. अशा रीतीने आकाशातून आलेला एक दगड कित्येक वर्षे एका धर्मग्रामाच्या मंदिरात साखळीने बांधून राहिला. त्याचा उरलेला भाग आजही त्या गावच्या संग्रहालयात आहे.

वाचकहो, ही जुनी कथा आठवण्यास एक छोटेसे निमित्त घडले. आमच्या धर्मग्रामात दृढीकरण संस्काराची तयारी चालली होती. उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिला अध्याय वाचून झाल्यावर एका मुलाने हात वर केला. "फादर, इथे सहा दिवस लिहिले आहेत आणि शाळेच्या पुस्तकात साडेचार अब्ज वर्षे. खरे कोणते?" मी उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच त्याने दुसरा प्रश्न पुढे केला. "आणि ते साडेचार अब्ज मोजले कोणी? कसे?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला सेमिनरीत नीट शिकवले होते. पवित्र शास्त्राचा लेखक भूगर्भशास्त्र शिकवायला बसलेला नव्हता. हे सर्व कोणापासून आले आणि कोणासाठी आले हे तो सांगत होता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला येत नव्हते. आकडा तेवढा पाठ होता. ज्या आकड्यावर आपण इतक्या सहजपणे विश्वास ठेवतो तो कोणी, कोणत्या कष्टाने मिळवला हे आपल्याला ठाऊक नसावे याचे मला वाईट वाटले. त्यानंतर मी जे वाचले त्याचा हा गोषवारा. त्या मुलाचे उत्तर एन्सिसहाइमच्या दगडासारख्याच दगडांमध्ये दडलेले होते.

आधीचे हिशेब

जगाचे वय काढण्याचा मोह माणसाला फार जुना आहे. १६५० साली आयर्लंडमधील आर्मा येथील अँग्लिकन आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधील वंशावळी व राजांच्या कारकिर्दी जुळवून सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये झाला असा निष्कर्ष काढला. आज आपण त्यावर हसतो, परंतु ते गृहस्थ विद्वान होते आणि हाताशी असलेल्या साधनांनी त्यांनी प्रामाणिक हिशेब केला होता. साधनच त्या कामाचे नव्हते.

१८६२ साली लॉर्ड केल्विन या थोर भौतिकशास्त्रज्ञाने दुसरी वाट धरली. पृथ्वी प्रथम वितळलेली होती असे मानून ती आजच्या इतकी थंड व्हायला किती काळ लागेल हे त्याने गणिताने काढले. उत्तर आले दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षे, आणि पुढे तर तो दोन ते चार कोटींपर्यंत खाली आला. गणितात चूक नव्हती. पृथ्वीचा अंतर्भाग घट्ट आणि निश्चल आहे हे त्याचे गृहीतच चुकीचे होते. चूक धर्मपंडिताची असो वा शास्त्रज्ञाची, ती बहुधा गृहीतातच लपलेली असते.

१८९६ साली हेन्री बेकरेल यांनी किरणोत्सर्गाचा शोध लावला आणि खडकाच्या आतच एक घड्याळ चालू आहे हे हळूहळू ध्यानात आले. युरेनियमचे अणू आपोआप मोडत जातात आणि शेवटी त्यांचे शिसे बनते. रदरफर्ड यांनी यावरून खडकांचे वय काढता येईल असे सुचवले, आणि १९०७ साली बोल्टवुड यांनी युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून काही खनिजांची वये काढली. ती चाळीस कोटींपासून दोन अब्ज वर्षांहून पुढे गेली. केल्विनचा हिशेब तिथेच कोसळला.

एका थाळीतील दोन मेणबत्त्या

हे घड्याळ कसे चालते ते आपल्या चर्चमधल्या दृष्टान्ताने सांगतो. वेदीवर मेणबत्ती जळते आहे. ती किती वेळ जळत आहे हे सांगायचे तर उरलेली मेणबत्ती आणि थाळीत साचलेले मेण यांची तुलना करावी. युरेनियम ही मेणबत्ती आणि शिसे हे थाळीतले मेण. (मेणबत्ती एकसारखी जळते, युरेनियमचे तसे नाही. ठरावीक काळात त्याचे निम्मे अणू मोडतात, मग तेवढ्याच काळात उरलेल्यांपैकी निम्मे. या काळाला अर्धायुष्य म्हणतात.)

परंतु अडचण अशी की मेणबत्ती पेटवण्याआधीच थाळीत जुने मेण पडलेले असेल तर? तेही मोजले जाईल आणि हिशेब चुकेल. पृथ्वीच्या बाबतीत नेमकी हीच अडचण होती. आरंभीच तिच्यात काही शिसे होते. ते किती आणि कोणत्या प्रकारचे, हे कळल्याशिवाय वय निघणार नव्हते.

इथे समस्थानिक मदतीला येतात. एकाच मूलद्रव्याचे, परंतु वेगवेगळ्या वजनाचे जे अणू असतात त्यांना समस्थानिक म्हणतात. निसर्गात दोन प्रमुख युरेनियम आहेत. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४ अब्ज ४७ कोटी वर्षे, आणि त्यापासून शिसे-२०६ बनते. युरेनियम-२३५ चे अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षे, आणि त्यापासून शिसे-२०७ बनते. म्हणजे एकाच थाळीत दोन मेणबत्त्या, एक मंद जळणारी आणि एक भराभर, आणि दोघींचे मेण वेगवेगळ्या रंगाचे. दोन रंगांच्या मेणाचे प्रमाण पाहूनच वेळ सांगता येतो. शिसे-२०४ मात्र कोणत्याही मेणबत्तीतून येत नाही. ते सगळे जुनेच. त्यामुळे जुने मेण किती ते मोजण्याची खूणही निसर्गानेच ठेवून दिली आहे.

पण पृथ्वीचे आरंभीचे शिसे पाहायला मिळावे कुठे? आपली पृथ्वी स्वतःची जुनी पाने जपून ठेवत नाही. तिचे खडक वितळतात, पुन्हा घडतात, झिजतात, समुद्रतळाशी जातात. आज ठाऊक असलेले सर्वांत जुने खडक सुमारे चार अब्ज वर्षांचे आहेत. त्याआधीचे काही स्फटिककण तेवढे उरले आहेत. पहिली पाने हवी असतील तर ती पृथ्वीबाहेर शोधावी लागतात. अशनी, म्हणजे आकाशातून पडणारे दगड, हे ग्रह घडताना उरलेल्या मालाचे तुकडे आहेत. १७९४ साली क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने ते अवकाशातून येतात असे लिहिले तेव्हा विद्वानांनी त्याची टर उडवली. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल गावावर सुमारे तीन हजार दगडांचा वर्षाव झाला, तरुण शास्त्रज्ञ बियो यांनी गावोगाव फिरून साक्षी नोंदवल्या, आणि मग कुठे विद्वानांनी ते मान्य केले. शेतकरी मात्र ती गोष्ट आधीपासूनच सांगत आले होते.

क्लेअर पॅटर्सन

१९४८ च्या सुमारास शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राउन या प्राध्यापकांनी क्लेअर पॅटर्सन या तरुण विद्यार्थ्याला एक काम दिले. लोखंडी अशनींमध्ये ट्रॉइलाइट नावाचे, लोह आणि गंधकाचे, खनिज असते. त्यात शिसे असते, पण युरेनियम जवळजवळ नसते. म्हणजे अशी थाळी की जिच्यावर मेणबत्ती कधी पेटलीच नाही. त्यातील शिसे सौरमालेच्या जन्माच्या वेळी जसे होते तसेच आजही असणार. ते मोजले की कोडे सुटले. काम सोपे आहे, असे ब्राउन यांना वाटले होते.

काम सोपे नव्हते. पॅटर्सन मोजत गेला आणि त्याचे आकडे दर वेळी भलतेच येत गेले. शिसे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. चूक कुठे होत आहे हे शोधता शोधता त्याच्या लक्षात आले की शिसे दगडात नाही, ते खोलीत आहे. नळाच्या पाण्यात आहे, काचेच्या भांड्यांत आहे, रसायनांत आहे, हवेतल्या धुळीत आहे, त्याच्या स्वतःच्या कपड्यांवर आणि केसांत आहे. तेव्हा त्याने कित्येक वर्षे केवळ स्वच्छतेत घालवली. रसायने तो स्वतः शुद्ध करी, भांडी पुन्हा पुन्हा आम्लात धुई. पुढे कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेत त्याने गाळलेल्या हवेची खास प्रयोगशाळा उभारली.

ॲरिझोनाच्या वाळवंटात सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी एक लोखंडी अशनी आदळून सव्वा किलोमीटर रुंदीचे विवर पडले. तेथे सापडणाऱ्या तुकड्यांना कॅन्यन डायाब्लो असे नाव आहे. १९५३ साली पॅटर्सनने त्यातील ट्रॉइलाइटमधून वेगळे केलेले शिसे शिकागोजवळील आरगॉन प्रयोगशाळेतील यंत्रावर मोजले. आरंभीच्या शिशाचा आकडा हाती आला आणि रात्रीच वय निघाले, साडेचार अब्ज वर्षे. जे माणसाला कधीच ठाऊक नव्हते ते त्या रात्री त्याला एकट्याला ठाऊक होते. त्या आनंदाने छाती इतकी धडधडू लागली की आयोवातील आईच्या घरी पोहोचल्यावर त्याने तिला आपल्याला रुग्णालयात न्यायला सांगितले, असे तो पुढे सांगत असे.

१९५६ साली त्याने आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात तीन दगडी आणि दोन लोखंडी, असे पाच अशनी होते. त्यांच्यातील शिशाची प्रमाणे आलेखावर मांडली तेव्हा ती एका सरळ रेषेत आली. याचा अर्थ, ते सारे एकाच काळी जन्मलेले. समुद्रतळाच्या गाळातील शिसेही त्याच रेषेवर बसले. म्हणजे आपली पृथ्वी त्याच कुटुंबातली. रेषेच्या चढावरून वय निघाले ४ अब्ज ५५ कोटी वर्षे, सात कोटी इकडे किंवा तिकडे. त्या मुलाच्या 'कोणी मोजले?' या प्रश्नाचे हे उत्तर.

धुळीतले विष

गोष्ट इथे संपली असती तरी पॅटर्सनचे नाव राहिले असते. पण त्याच्या मनात एक प्रश्न सलत राहिला. खोलीत इतके शिसे आले कुठून? त्याने समुद्राचे पाणी तपासले, ध्रुवाकडील बर्फाचे थर तपासले. वरच्या पाण्यात आणि ताज्या बर्फात शिसे अधिक, खोल पाण्यात आणि जुन्या बर्फात कमी. ते माणसाने आणि अलीकडेच आणलेले होते. त्यातील मोठा वाटा पेट्रोलचा. १९२० च्या दशकापासून इंजिन सुरळीत चालावे म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जात होते. १९६५ साली त्याने लिहिले की, सामान्य अमेरिकन माणसाच्या शरीरात नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभर पट शिसे आहे. शिसे मेंदूला घातक, आणि मुलांना सर्वाधिक.

धनवान उद्योगाला हे रुचणारे नव्हते. त्याच्या संशोधनाला मिळणारे पैसे आटले. १९७१ साली हवेतील शिशाविषयी नेमलेल्या राष्ट्रीय समितीतून, त्या विषयाचा सर्वांत मोठा जाणकार असूनही, त्याला बाहेर ठेवण्यात आले. तो डगमगला नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून पेट्रोलमधील शिसे कमी होत गेले आणि १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरील वाहनांसाठी ते पूर्ण बंद झाले. पॅटर्सन त्यापूर्वी काहीच दिवस, ५ डिसेंबर १९९५ रोजी वारला. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. एका दगडाचे वय नीट कळावे म्हणून ज्याने धूळ पुसली, त्याच्या त्या हट्टामुळे आपली मुले आज कमी विषारी हवा घेतात. सत्याचा शोध कोणाच्या उपयोगी पडेल हे शोधणाऱ्यालाही आधी कळत नाही.

विझलेले निखारे

पॅटर्सनच्या सात कोटी वर्षांच्या फरकात सौरमालेच्या आरंभीच्या साऱ्या घटना बुडून जात होत्या. आधी काय घडले, नंतर काय, हे सांगायला अधिक बारीक घड्याळ हवे होते. ते मिळाले विझलेल्या निखाऱ्यांत.

काही समस्थानिक इतके अल्पायुषी असतात की आरंभीचे असलेले ते केव्हाच संपून गेले. पण चूल विझली तरी राख राहते. १९६० साली बर्कलीच्या जॉन रेनॉल्ड्स यांना रिचर्डटन नावाच्या अशनीत झेनॉन-१२९ हा वायू प्रमाणाबाहेर आढळला. तो आयोडीन-१२९ ची राख होता. त्या आयोडीनचे अर्धायुष्य दीड कोटी वर्षांच्या आसपास. म्हणजे तो दगड घडला तेव्हा ते आयोडीन अजून जिवंत होते.

त्यानंतर ८ फेब्रुवारी १९६९ च्या मध्यरात्रीनंतर मेक्सिकोतील आयेंदे या खेड्याच्या परिसरात आगीचा लोळ फुटला आणि दोन टनांहून अधिक दगड विखुरले. चंद्रावरून येणाऱ्या दगडांसाठी त्या वर्षी प्रयोगशाळा नव्या यंत्रांनी सज्ज होत्या; त्याआधीच आकाशाने हे दान टाकले. या दगडांत पांढरट ठिपके होते, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमने भरलेले. तप्त वायू निवताना जे पदार्थ सर्वांत आधी घन होतात त्यांचे ते बनलेले. १९७६ साली कॅलटेकमध्ये टायफून ली, पापानास्तासिऊ आणि वासरबर्ग यांनी दाखवले की या ठिपक्यांत ॲल्युमिनियम-२६ ची राख आहे. त्याचे अर्धायुष्य जेमतेम सात लाख वर्षे. म्हणजे एखाद्या ताऱ्यात ते घडले आणि अल्पावधीतच आपल्या सूर्याच्या ढगात मिसळले. कोणत्या प्रकारच्या ताऱ्यातून ते आले याविषयी शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मात्र त्याच्या उष्णतेने छोटे छोटे ग्रहगोल आतून वितळले असावेत, ही हॅरोल्ड युरे यांनी १९५५ साली मांडलेली कल्पना बळकट झाली.

या कामात भारताचाही वाटा आहे. २० जून १९९६ रोजी राजस्थानातील पिपलिया कलां गावी एक अशनी पडला. तो वितळलेल्या लाव्हापासून बनलेला होता. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेतील श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांना त्यात ॲल्युमिनियम-२६ ची राख सापडली व १९९९ साली त्यांनी ती जगापुढे मांडली. वितळलेल्या गोलाच्या दगडातच ती मिळाल्याने युरे यांच्या कल्पनेला मोठा आधार मिळाला.

आज या साऱ्या घड्याळांवरून एक दिनदर्शिका तयार झाली आहे. पांढऱ्या ठिपक्यांचे वय २०१२ साली ४ अब्ज ५६ कोटी ७३ लाख वर्षे असे निघाले. चुकीला जागा सुमारे १ लाख ६० हजार वर्षांची. तोच सौरमालेचा पहिला दिवस मानतात. हॅफ्नियम-१८२ पासून बनणाऱ्या टंगस्टनवरून कळते की काही छोट्या ग्रहगोलांचे लोखंडी गाभे पहिल्या दहा-वीस लाख वर्षांतच तयार झाले होते. पृथ्वीचा गाभा मात्र सावकाश, काही कोटी वर्षांत बनला. या सबंध काळाचे एक वर्ष मानले तर पॅटर्सनच्या मोजणीतील शंका साडेपाच दिवसांची होती. आजची आहे अठरा मिनिटांची. आणि प्रभू येशूच्या जन्मापासून आजवरचा काळ त्या वर्षाची शेवटची चौदा सेकंदे.

हा मार्ग चुकांवाचून झालेला नाही. दोन युरेनियमांचे परस्परांशी प्रमाण सर्वत्र सारखेच, असे कित्येक वर्षे गृहीत धरले जात होते. २०१० साली ते आयेंदेच्या ठिपक्यांत मोजले गेले, ते सारखे नव्हते, आणि काही वयांत पन्नास लाख वर्षांपर्यंत फरक पडू शकतो असे दिसले. शास्त्रज्ञांनी आपलीच जुनी वये पुन्हा तपासायला घेतली. पुन्हा तेच: चूक गृहीतात होती, आणि ती मान्य करण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

दगड आणि श्रद्धा

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी परमगुरू बारावे पायस यांनी परमगुरूंच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले. विश्वाला आरंभ आहे हे सांगताना त्यांनी अनेक पुराव्यांत किरणोत्सारी खनिजांचा आणि अशनींच्या वयाचाही उल्लेख केला. विश्वाच्या विस्ताराचा सिद्धान्त मांडणारे बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र यांना मात्र विज्ञानाचा असा धागा श्रद्धेला जोडणे पसंत नव्हते. विज्ञानाचा निष्कर्ष उद्या बदलू शकतो. श्रद्धेला त्याच्या खुंटीवर टांगू नये, अशी त्यांची भूमिका होती. संत ऑगस्टीन यांनी फार पूर्वी याचीच दुसरी बाजू सांगितली होती. निसर्गाविषयी अज्ञानाने बोलून शास्त्रवचनाची साक्ष काढणारा ख्रिस्ती माणूस श्रद्धेचेच हसे करून घेतो.

ख्रिस्तसभेने हे दगड आजही जपले आहेत, मात्र आता साखळीने बांधून नव्हे. रोमजवळील कास्तेल गांदोल्फो येथील व्हॅटिकन वेधशाळेत अशनींचा मोठा संग्रह आहे. त्याचा पाया एका फ्रेंच उमरावाच्या देणगीने घातला गेला. येशूसंघाचे ब्रदर गाय कॉन्सोलमॅग्नो यांनी तो अनेक वर्षे सांभाळला आणि जगभरच्या संशोधकांना उपलब्ध करून दिला. सप्टेंबर २०२५ पासून या वेधशाळेचे संचालकपद येशूसंघाच्या गोवा प्रांताचे फादर रिचर्ड डिसोझा यांच्याकडे आहे, ही आपल्या बाजूच्या वाचकांना समाधान देणारी गोष्ट.

पुढच्या रविवारी त्या मुलाला मी हे सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे फादर, त्या माणसाने आधी खोली साफ केली, मग उत्तर मिळाले." मी होय म्हटले. राजा मॅक्सिमिलियनने त्या दगडात स्वतःचा विजय वाचला. पॅटर्सनने आधी दगडावरची स्वतःची धूळ पुसली आणि मग जे लिहिले होते तेच वाचले. शास्त्रवचन वाचतानाही आपल्याला याहून वेगळे काही करायचे नसते.